पुढची सरप्लस रायफल निवडताना: सहाशे डॉलर, एक काडतूस आणि ईशापूरच्या तीन बंदुका

ओहायोतल्या एका गन शोमध्ये एका टेबलावर लाकडी ट्रे होता आणि त्यात सुटी जुनी काडतुसं. चाळता चाळता एक उलटं करून बुडाकडे पाहिलं. 'के. एफ.', ४३ आणि रोमन सात. म्हणजे खडकीचा कारखाना, १९४३ साल, मार्क सात गोळी. मी खडकीत वाढलो. त्या कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या घरातलं घड्याळ लावलं जायचं. दोन डॉलर देऊन ते थ्री नॉट थ्रीचं (.३०३) काडतूस घेतलं आणि माझ्या संग्रहातली पुढची रायफल कोणती, याचा शोध तिथून सुरू झाला.

त्याआधी दोन सरप्लस, म्हणजे लष्करांनी वापरून काढून टाकलेल्या, रायफली घरात होत्या: एक रशियन मोसिन-नागांत आणि एक स्विस के-३१. दोन्ही 'स्वस्तात मिळाली' म्हणून घेतलेल्या. या वेळी मात्र सगळा खर्च धरून सहाशे डॉलरची मर्यादा होती आणि निवड विचार करून करायची होती. हा लेख त्या निवडीचा आहे. तुमची आवड जर्मन, जपानी किंवा स्वीडिश बंदुकांची असली, तरी पायऱ्या याच राहतील.

आधी कायदा, मग कॅटलॉग

हे सगळं अमेरिकेतल्या वाचकांसाठी आहे. भारतात .३०३ ही प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यामुळे असा छंद तिथे जवळपास अशक्य आहे. अमेरिकेतही सरसकट मोकळीक नाही. एच-वन-बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्याने बंदूक विकत घेणं किंवा जवळ बाळगणं सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर संग्रह सुरू करू नका. वकिलाला विचारल्याशिवाय तर नाहीच. ग्रीनकार्डधारक आणि नागरिक घेऊ शकतात, पण राज्याचे नियम त्यावर आणखी चढतात. न्यू जर्सीत रायफलसाठीही खरेदीदाराचं ओळखपत्र लागतं, इलिनॉयमध्ये वेगळं. एडिसन किंवा शिकागोच्या उपनगरात राहत असाल, तर पहिली पायरी हीच.

दुसरी गोष्ट म्हणजे संग्राहकाचा परवाना. त्याला 'टाइप झीरो-थ्री' किंवा 'सी अँड आर' म्हणतात. तीन वर्षांचे तीस डॉलर. त्यावर पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात असलेली बंदूक दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून थेट घरी मागवता येते. स्थानिक दुकानदाराला हस्तांतराचे पैसे द्यावे लागत नाहीत. प्रत्येक खेपेला वाचणारी रक्कम पाहिली, तर एक-दोन खरेदीत परवाना फिटतो. याच्या जोरावर खरेदी-विक्रीचा धंदा मात्र करता येत नाही आणि एक नोंदवही नेमाने ठेवावी लागते.

१८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका केंद्रीय कायद्याच्या नजरेत 'अँटिक' ठरतात, त्यांना हा परवानाही लागत नाही. सुरुवातीच्या स्वीडिश आणि तुर्की माउझर रायफलींपैकी काही या गटात येतात. राज्याचा कायदा तेव्हाही वेगळा तपासावाच.

स्वस्ताईचा काळ सरला, हे मान्य करा

१९६८ च्या कायद्याने परदेशी लष्करी सरप्लसची आयात थांबली. १९८४ मध्ये संग्राह्य बंदुकांसाठी ते दार पुन्हा उघडलं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं जगभरची कोठारं अमेरिकेत रिकामी होत राहिली. २०१० च्या सुमारास मोसिन शंभर डॉलरच्या आसपास मिळायची. आता तीच तीन-चारशेच्या खाली क्वचित दिसते. कोठारं एकदाच रिकामी होतात. म्हणून 'थांबलो तर स्वस्त होईल' हा हिशेब इथे चालत नाही. 'आज दिसली, घेऊन टाकू' हाही चालत नाही, कारण चुकीची रायफल विकताना दलाली आणि पाठवणीत पैसे जातातच.

संग्रहाला दोर हवा

दोन बंदुका शेजारी ठेवल्या की त्यांच्यात काही बोलणं व्हायला हवं. माझी मोसिन आणि के-३१ एकमेकींना ओळखत नव्हत्या. एक गोदामातून दुरुस्त होऊन आलेली रशियन, दुसरी डोंगराळ स्वित्झर्लंडची, युद्ध न पाहिलेली. दोन्ही सुंदर, पण मी त्या का ठेवल्या आहेत, हे मला पाहुण्याला सांगता येत नव्हतं.

म्हणून कागदावर एकच वाक्य लिहा: माझा संग्रह कशाचा आहे? 'पहिल्या महायुद्धातल्या प्रत्येक बाजूची एक रायफल' हे चांगलं वाक्य आहे. 'माउझरच्या यंत्रणेचा प्रवास' हेही चांगलं. 'जुन्या बंदुका' हे वाक्य नव्हे. खडकीचं काडतूस हातात आल्यावर माझं वाक्य असं झालं: भारतीय सैनिकाच्या आणि शिपायाच्या हातात असलेली, भारतात बनलेली रायफल. त्या एका ओळीने शंभर पर्याय तीनवर आले.

तीन उमेदवार

तिन्ही बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीच्या.

पहिली, नंबर १ मार्क ३ ली-एनफिल्ड. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशकं दिसली ती थ्री नॉट थ्री. स्वातंत्र्याआधीच्या नगावर मुकुट आणि 'जी. आर. आय.' ही राजाची आद्याक्षरं असतात. पुढे मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह येतात. एकाच कारखान्यातल्या एकाच रायफलीवरचा शिक्का बदलतो आणि सत्तांतर पोलादावर वाचता येतं. मला तरी संग्रहातली याहून मोलाची गोष्ट माहीत नाही.

दुसरी, .४१० मस्केट. पोलीस आणि तुरुंग पहाऱ्यासाठी त्याच ली-एनफिल्डची नळी गुळगुळीत केली आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवून ती एकेरी फैरीची केली. इतिहास म्हणून फार बोलकी वस्तू. पण मूळ चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, .३०३ च्या पुंगळीपासून केलेल्या भारतीय काडतुसाचं, आजच्या शॉटगनच्या .४१० चं नव्हे. काही नग आयातीनंतर नव्या काडतुसासाठी कोरून घेतले गेले. विक्रेत्याला नेमकं सांगता येत नसेल, तर ती चालवायची नाही, फक्त पाहायची, असं धरून किंमत ठरवा.

तिसरी, २-ए आणि तिची धाकटी बहीण २-ए-१. १९६२ च्या युद्धानंतर सैन्य ७.६२ बाय ५१ या नाटो काडतुसाकडे वळत होतं आणि स्वयंचलित भरणाऱ्या रायफली पुरेशा नव्हत्या. ईशापूरने जुन्या ली-एनफिल्डच्या आराखड्यावर, अधिक मजबूत पोलाद वापरून, नव्या काडतुसासाठी नवी रायफल बनवली. ती थ्री नॉट थ्रीची नळी बदलून केलेली आहे, हा समज अजून पुष्कळांचा आहे. तो चूक आहे. मॅगझिन चौकोनी, बारा काडतुसांचं. २-ए च्या साइटवर, म्हणजे नेम धरायच्या पट्टीवर, २००० मीटरपर्यंतच्या खुणा, २-ए-१ वर ८०० पर्यंतच. दोन्ही वेगळ्या ओळखायची ही सोपी खूण.

सहाशे म्हणजे रायफलीचे सहाशे नव्हेत

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. माझी फोड अशी होती: रायफल जास्तीत जास्त साडेचारशे, पाठवणी आणि कर साठ-सत्तर, गनस्मिथकडून तपासणीला चाळीस-पन्नास, उरलेले काडतुसांना.

काडतूस हा खरा पुनरावर्ती खर्च आहे. .३०३ चं नवं काडतूस दुकानात ७.६२ नाटोपेक्षा महाग पडतं आणि कायम शेल्फवर असतंच असं नाही. इटालियन कारकानो विकत घ्यायला स्वस्त, पण ६.५ मिलिमीटरच्या कारकानोला नेहमीच्या ६.५ पेक्षा किंचित जाड गोळी लागते आणि सहा काडतुसांची स्वतंत्र क्लिप नसेल, तर मॅगझिन चालतच नाही. क्लिपशिवाय विकली जाणारी कारकानो म्हणजे अर्धवट वस्तू. जपानी ७.७ अरिसाकाचंही तसंच: रायफल परवडते, खुराक परवडत नाही. वर्षातून साठ फैरी झाडणार असाल, तर पाच वर्षांच्या तीनशे काडतुसांची किंमत रायफलीच्या किमतीशेजारी लिहा. मी लिहिली आणि २-ए-१ यादीत वर आली. मस्केट तिथेच गळली.

हातात घेतल्यावर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. विक्रेत्याची परवानगी घ्या, मॅगझिन काढा, बोल्ट (काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणारा सरकता दांडा) उघडा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळीनेही चाचपा. रिकामी असल्याची खात्री होईपर्यंत दुसरं काही नको.

पहिलं, आकडे. ली-एनफिल्डवर क्रमांक बोल्टच्या मुठीवर, रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागावर) आणि नळीच्या पुढच्या टोपीवर शोधा. सगळे जुळले तर उत्तम. बोल्टचा क्रमांक जुळलाच पाहिजे, हा माझा नियम आहे, कारण या यंत्रणेत बोल्ट त्याच रायफलीला बसवलेला असतो. मूळ कारखान्याचा ठसा खोल आणि कडा दाबलेल्या असतात. नंतर कोणीतरी जुळवलेला आकडा उथळ, वाकडा किंवा विजेच्या पेन्सिलीने खरडलेला दिसतो. रशियन गोदामांनी मोसिनवर हे सर्रास केलं. ती लबाडी नाही, दुरुस्तीची पद्धत होती. तिला 'सक्तीने जुळवलेली' म्हणतात आणि किंमत त्यानुसार कमी हवी.

दुसरं, नळी. काळी नळी पाहून लगेच नाक मुरडू नका. आधी तेलाचा कपडा आणि मग कोरडा कपडा फिरवायला सांगा. जुनी घाण निघाली की आतल्या पिळाच्या कडा धारदार दिसतात की झिजलेल्या, हे कळतं. काळपटपणा चालतो, कडा गोलसर झाल्या असतील तर नेम जातो. तोंडाकडे जास्त लक्ष द्या. ब्रिटिश पद्धतीत नळी दोरीच्या पुल-थ्रूने साफ करत. वर्षानुवर्षं दोरी एकाच बाजूला घासली की तोंड लंबगोल होतं. सुटी गोळी, म्हणजे पुंगळी आणि दारू नसलेलं नुसतं टोक, तोंडाशी अलगद टेकवा. पुंगळीत बसणारा भाग सुरू होतो तिथपर्यंत ती आत बुडाली, तर तोंड झिजलं आहे. माझी मोसिन मी हे न पाहता घेतली होती. पन्नास यार्डांवर तिच्या गोळ्या ताटभर पसरतात. ते शिक्षण महाग पडलं.

तिसरं, हेडस्पेस. बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांच्यातली जागा. ती वाढली तर पुंगळी ताणून फाटते आणि गरम वायू मागे येतो. यासाठी 'गो', 'नो-गो' आणि 'फील्ड' असे गेज असतात. स्वतःचे नसतील तर गनस्मिथकडे न्या, पण तपासणीशिवाय एकही फैर नको. थ्री नॉट थ्री काडतुसाच्या बुडाच्या कडेवर टेकते, ७.६२ पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे निमुळत्या उतारावर, म्हणून दोघींचे गेज वेगळे. २-ए-१ मध्ये दुकानातली .३०८ चालते का, हा वाद जुना आहे. लष्करी चेंबर थोडं लांब असतं आणि ही रायफल नाटो काडतुसासाठी बनली आहे, म्हणून मी लष्करी मापाची ७.६२ च वापरतो.

चौथं, लाकूड. बॅटरी घेऊन दस्त्याच्या मानेमागे आणि मॅगझिनच्या पुढे तडे शोधा. ईशापूरच्या पुष्कळ रायफलींच्या पुढच्या लाकडात मॅगझिनपुढे एक आडवा स्क्रू दिसतो. तो दोष समजू नका, कारखान्यानेच मजबुतीसाठी दिलेला आहे. लाकडाला जोडलेला तुकडा, पाचर, खुंटी या गोदामातल्या दुरुस्त्या असतात आणि त्या राहू द्यायच्या. लाकूड सँडपेपरने घासून पॉलिश केलेलं असेल, तर मात्र किंमत पाडून मागा. ठसे त्यात पुसले जातात आणि पुसलेला ठसा परत येत नाही.

पाचवं, फसव्या वस्तू. 'डी. पी.' असा ठसा म्हणजे कवायतीची रायफल. ती झाडायची नाही. पुढच्या लाकडावर तारेचे वेढे असतील तर ती ग्रेनेड फेकायला वापरलेली. वस्तू म्हणून छान, नेमबाजीसाठी नको. आणि आखूड केलेली २-ए-१ 'जंगल कार्बाइन' म्हणून दिसली, तर ती भारतीय सैन्याची नव्हेच. अमेरिकेत आयातीनंतर कापून विकलेली आहे. आपल्या सैनिकाने ती कधी हातात धरली नाही.

इतर देशांच्या बंदुकांच्या काही खुणा ओझरत्या सांगतो. स्वीडिश माउझरच्या दस्त्यावर पितळी चकती असते, तिच्यावर नळीच्या स्थितीची खूण वाचता येते. चकती मात्र बदललेली असू शकते. स्विस के-३१ च्या दस्त्याची लोखंडी पट्टी उघडा. आत कधी कधी त्या सैनिकाच्या नावाची चिठ्ठी सापडते. माझ्या के-३१ मध्ये अशी चिठ्ठी आहे आणि ती रायफल मी कधीही विकणार नाही, त्याचं कारण तीच. अरिसाकावरचं शेवंतीचं राजचिन्ह शाबूत असेल तर किंमत वाढते, शरणागतीनंतर पुष्कळांवरचं घासून टाकलेलं आहे.

कुठून घ्यावी

गन शोमध्ये वस्तू हातात घेता येते, म्हणून पहिल्या दोन-तीन खरेद्यांसाठी तीच जागा योग्य. आयातदाराकडून मागवताना थोडे जास्त पैसे देऊन 'हँड-पिक' मागता येतं. गोदामातला माणूस चार-पाच नगांतून त्यातला बरा निवडतो. नळी आणि जुळणारा बोल्ट हे दोनच निकष लिहून द्या, दहा मागण्या लिहिल्या की एकही पाळली जात नाही. ऑनलाइन लिलावात नळीच्या तोंडाचा आणि क्रमांकांचा फोटो मागा. मिळाला नाही, तर पुढे जा.

एम-१ गॅरँड ही अमेरिकन लष्कराची जुनी रायफल हवी असेल, तर सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ही अशा रायफली नागरिकांना विकणारी संस्था हा विश्वासाचा मार्ग आहे. अलाबामातलं ॲनिस्टन आणि ओहायोतलं कॅम्प पेरी इथे त्यांची दुकानं आहेत. त्यासाठी नागरिकत्व, संलग्न क्लबचं सदस्यत्व आणि नेमबाजीतल्या सहभागाचा पुरावा लागतो. नागरिकत्वाची शपथ झाल्यावर पहिली गॅरँड घेणारे माझ्या ओळखीतच दोघं आहेत.

माझी निवड

थ्री नॉट थ्री मनात होती, खोटं का बोलू. सिंहाचा शिक्का असलेली एक सापडलीही, पण बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा होता आणि मानेजवळ तडा. शेवटी २-ए-१ घेतली. 'आर. एफ. आय.' (रायफल फॅक्टरी ईशापूर), १९६७, बोल्ट जुळणारा, नळी काळपट पण कडा स्वच्छ, ४१५ डॉलर. लोखंडावर काळा रंग ठिकठिकाणी उडालेला आहे. तो तसाच ठेवला. १९६७ असल्यामुळे पन्नास वर्षांची अट निर्विवाद पूर्ण होत होती. सत्तरच्या दशकातला नग घेताना वर्षाचा ठसा आधी वाचा.

घरी आल्यावर

साफसफाई सावकाश. गोदामातला मेणासारखा कॉस्मोलिन थर असेल, तर धातूचे भाग मिनरल स्पिरिटने पुसा, मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर. लाकूड काळ्या पिशवीत गुंडाळून उन्हात ठेवलं की मुरलेला थर आपोआप वर येतो, पुसत राहा.

आणि ली-एनफिल्डच्या मालकांनी हे लक्षात ठेवावं: मागचा दस्ता काढायचा असेल, तर आधी पुढचं लाकूड उतरवा. दस्त्याच्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. घाईने तो फिरवला की शंभर वर्षं टिकलेलं लाकूड एका क्षणात चिरतं.

जुनी सरप्लस काडतुसं झाडलीत, तर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा. त्यांच्या प्रायमरमधून, म्हणजे बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोपीतून, पोटॅशियम क्लोराइड हे क्षार मागे राहतं आणि ते मिठासारखं हवेतलं पाणी ओढतं. कोकणात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच नळीत होतं. तेलाने क्षार विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. पाणी, मग कोरडे कपडे, मग तेल, हाच क्रम. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा कपडा फिरवून पाहा.

घरात मुलं असोत-नसोत, कुलपाची तिजोरी रायफलीच्या आधी यायला हवी, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. तिजोरीचा खर्च सहाशेत धरलेला नाही, कारण तो पहिल्या रायफलीबरोबरच व्हायला हवा होता.

संग्राहकाच्या परवान्याच्या वहीतली नोंद पुढच्या कामकाजाच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत करायची असते: तारीख, कोणाकडून, उत्पादक, मॉडेल, क्रमांक, कॅलिबर. उत्पादकाच्या रकान्यात मी 'रायफल फॅक्टरी ईशापूर, भारत' असं पूर्ण लिहिलं. कायद्याच्या वहीला जोडून मी आणखी एक वही ठेवतो, मराठीत. त्यात ठशांची रेखाटनं, दुरुस्तीच्या खुणा, कुठून काय कळलं ते सगळं. खडकीचं काडतूस झाडलेलं नाही आणि झाडणारही नाही. ते २-ए-१ मध्ये बसतही नाही. दुसऱ्या वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर मी त्याचं बूड पेन्सिलीने उमटवून ठेवलं आहे आणि खाली अटी लिहिल्या आहेत: नंबर १ मार्क ३, ईशापूर, १९४३ किंवा जवळपासचं साल, बोल्ट जुळणारा, तोंड गोल.